डोळ्यातली सूज आणि मागच्या जन्माचा हिशेब

भिलाईच्या टाउनशिपमधल्या एखाद्या मराठी घरात कुणाचा डोळा लाल झाला, तर पहिले दोन दिवस फारसं कुणी मनावर घेत नाही. डोळे आले असतील, मेडिकलमधून ड्रॉप आणू, गुलाबजलाची पट्टी ठेवू, असं चालतं. मग उजेड सोसेना होतो, डोळ्यामागे ठणका लागतो, समोरचं धुरकट दिसू लागतं, आणि तेव्हा कुठे माणूस दवाखान्यात पोचतो. डॉक्टर तपासून ‘युव्हायटिस’ असं नाव सांगतात, थेंब लिहून देतात, रक्ताच्या तपासण्या आणि छातीचा एक्स-रे काढायला सांगतात. घरी आल्यावर मात्र निराळीच तपासणी सुरू होते. आजी म्हणतात, नजर लागली. काकूंना डोंगरगडच्या बमलेश्वरीचा फेडायचा राहिलेला नवस आठवतो. आणि कुणीतरी आवाज खाली आणून म्हणतं, “मागच्या जन्मीचं काही देणं असेल.”

हे शेवटचं वाक्य प्रेमापोटी, समजूत घालण्यासाठी उच्चारलेलं असतं. पण ते ऐकणाऱ्याच्या मनात जे रुजतं, त्याची जबाबदारी सहसा कुणी घेत नाही. आजारी माणूस अचानक आरोपी होतो, आणि गुन्हा कोणता हे त्याला कधीच कळणार नसतं.

दुःख माझ्याच वाट्याला का, हा धर्मविचारातला फार जुना प्रश्न आहे. डोळ्याच्या आतली सूज तो जास्तच टोकदार करते, कारण इथे पुष्कळदा बाहेरचा शत्रू दिसतच नाही. काटा गेलेला नसतो, मार लागलेला नसतो, संसर्गही सापडत नाही. शरीराचं स्वतःचं संरक्षक दल स्वतःच्याच डोळ्यावर चालून आलेलं असतं. अशा वेळी दोष कुणाचा?

उत्तराकडे जाण्याआधी डोळ्यात नेमकं काय घडतं ते नीट पाहायला हवं. डोळ्याच्या भिंतीचा मधला थर म्हणजे युव्हिया. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, म्हणजे आयरिस, हा त्याचा पुढचा भाग. त्याच्या मागे डोळ्यातलं पाणी तयार करणारी सिलिअरी बॉडी, आणि अगदी मागे दृष्टिपटलाला रक्त पुरवणारा कोरॉइड. हा थर रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला असतो, म्हणून शरीरात कुठेही चाललेल्या भांडणाचे पडसाद इथे उमटू शकतात. डोळे येण्यात चिपडं येतात, खाज सुटते, पापण्या चिकटतात. युव्हायटिसमध्ये चिपडं नसतात. लाली बुबुळाच्या कडेभोवती दाटते, उजेड टोचतो आणि नजर मंदावते. सूज मागच्या भागात असेल तर पुष्कळदा डोळा लाल होत नाही, दुखतही नाही. नुसते काळे ठिपके तरंगू लागतात, आणि रुग्ण चष्म्याचा नंबर बदलला असेल असं समजून महिने घालवतो.

निदानाचं मुख्य साधन म्हणजे स्लिट लॅम्प. स्वीडनचे आल्व्हार गुलस्ट्रांड यांनी 1911 साली तो जगापुढे आणला. अंधाऱ्या खोलीत रुग्ण हनुवटी टेकवून बसतो आणि डॉक्टर प्रकाशाची बारीक तिरकी पट्टी डोळ्यात सोडतात. निरोगी डोळ्यात बुबुळ आणि आयरिस यांच्यामधली जागा काळी, रिकामी दिसते. सूज असेल तर तिथे, कौलातून आलेल्या कवडशात धूळ तरंगावी तसे, पांढऱ्या पेशींचे कण हळूहळू फिरताना दिसतात. एक मिलिमीटर लांब-रुंद झोतात किती पेशी दिसतात ते मोजून डॉक्टर सुजेची पायरी ठरवतात. रक्त आणि डोळ्यातलं पाणी यांच्यात एक घट्ट अडसर असतो. तो सैल झाला की पेशी आणि प्रथिनं आत झिरपतात आणि पाणी गढूळ होतं. आयरिस मागच्या भिंगाला चिकटू लागते, बाहुली वेडीवाकडी होते. वेळेत उपचार झाले नाहीत तर मोतीबिंदू, काचबिंदू, पडद्यावरची सूज अशी एकेक भर पडत जाते.

यानंतर डॉक्टर जे प्रश्न विचारतात ते ऐकून रुग्ण गोंधळतो. सकाळी उठताना कंबर आखडते का? तोंडात वारंवार फोड येतात का? घरात कुणाला टीबी झाला होता का? अंगावर बधिर चट्टा आहे का? शेतात, साचलेल्या पाण्यात काम केलं का? डोळ्याचं दुखणं आणि कंबरेची चौकशी! पण यातल्या प्रत्येक प्रश्नामागे एक ठरावीक आजार उभा आहे. कंबरेच्या आखडण्यामागे एचएलए-बी 27 या जनुकाशी जोडलेला मणक्याचा संधिवात असू शकतो, तोंडातल्या फोडांमागे बेहेट्स हा आजार. भारतात टीबीचा विचार केल्याशिवाय कोणताही शहाणा नेत्रतज्ज्ञ पुढे जात नाही.

दवाखान्यातला ‘का’ आणि घरातला ‘का’ यांत इथेच फरक पडतो. दवाखान्यातला ‘का’ एखाद्या तपासणीपाशी पोचतो आणि ती तपासणी उपचारापाशी नेते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात 1994 मध्ये युव्हायटिसचे रुग्ण अचानक वाढले. डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा धागा आधीच्या वर्षाअखेरीच्या पुराशी जुळला. गुराढोरांच्या आणि उंदरांच्या मूत्रातून पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरा हा जंतू आधी ताप देऊन गेला होता आणि काही महिन्यांनी डोळ्यांत सूज उमटली होती. त्या रुग्णांना त्यांची पापं कुणी विचारली नाहीत, ते कोणत्या पाण्यात उभे होते हे विचारलं. धानाच्या बांधीत गुडघाभर पाण्यात रोवणी करणाऱ्या छत्तीसगडच्या शेतकऱ्यासाठी हा प्रश्न आजही तितकाच कामाचा आहे.

भिलाईसारख्या पोलादाच्या शहराला युव्हायटिसचा आणखी एक प्रकार माहीत असायला हवा. इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत सहकार्याचा करार 1955 मध्ये झाला, 1959 च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, आणि नागपूर, भंडारा, गोंदियाकडची कितीतरी कुटुंबं रेल्वेच्या एकाच मार्गाने भिलाईला येऊन स्थिरावली. लोखंडाच्या कामात छिन्नीवर हातोडा बसताना उडालेली कपची डोळ्यात घुसण्याचा धोका कायमचा. चष्मा घालण्याची सक्ती उगाच नसते. क्वचित असं होतं की इजा एका डोळ्याला होते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसरा, पूर्ण धडधाकट डोळा आतून सुजतो. डोळ्यातली काही प्रथिनं एरवी संरक्षक पेशींच्या नजरेआड असतात. जखमेमुळे ती उघड्यावर येतात, शरीर त्यांना परकी समजतं आणि मग दोन्ही डोळ्यांवर हल्ला करतं. याला सिम्पथेटिक ऑप्थॅल्मिया म्हणतात. फ्रान्समध्ये 1809 साली जन्मलेल्या लुई ब्रेलला तिसऱ्या वर्षी वडिलांच्या चामड्याच्या कारखान्यात एका डोळ्यात आरी लागली, आणि पाचव्या वर्षापर्यंत त्याची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. त्याच्या दुसऱ्या डोळ्याचं असंच झालं असावं, असं अनेक नेत्रतज्ज्ञ मानतात. तीन वर्षांच्या पोराने काय पाप केलं होतं? आणि त्या दुसऱ्या डोळ्याने?

“या जन्मी नसेल, मागच्या जन्मी असेल,” हे उत्तर तयारच असतं. धृतराष्ट्र आंधळा का जन्मला याची एक गोष्ट कीर्तनातून सांगितली जाते. पूर्वजन्मी त्याने पक्ष्यांचे डोळे फोडले, म्हणून या जन्मी त्याचे डोळे गेले. ऐकणाऱ्याला ती पटते, कारण तिच्यात हिशेब चुकता होतो. पण कीर्तनाच्या मांडवात बसलेल्या एखाद्या अंध माणसाच्या शेजारी बसून ती ऐकली, तर तिचा अर्थ पार बदलतो. त्या माणसाला गोष्ट सांगते की तुझ्याही मागे असंच काहीतरी आहे.

आपल्या परंपरेने या प्रश्नाला एकच उत्तर दिलं, असं मात्र नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कुष्ठाचा अध्याय आहे. तिथे ब्राह्मणाची, स्त्रीची, सज्जनाची हत्या आणि परधनाचं हरण अशा कर्मांमुळे हा पापरोग होतो, असं म्हटलं आहे. त्याच अध्यायात थोडं पुढे गेलं की वेगळाच सूर लागतो. जवळचा स्पर्श, श्वास, एकत्र जेवण, एका अंथरुणावर झोपणं, दुसऱ्याचे कपडे वापरणं यांतून काही रोग माणसाकडून माणसाकडे जातात, असं तिथे सांगितलं आहे. त्या यादीत कुष्ठ आहे, ज्वर आहे, क्षय आहे, आणि नेत्राभिष्यंद, म्हणजे डोळ्यांची साथही आहे. पापाने होणारा आणि एका अंथरुणावर झोपल्याने होणारा, अशी एकाच रोगाची दोन कारणं एकाच अध्यायात शेजारी उभी आहेत. पुढच्या पिढ्यांनी यातलं पहिलं घट्ट धरलं आणि दुसऱ्याचा उपयोग फक्त माणसाला वेशीबाहेर ठेवण्यासाठी केला.

चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश आपल्या गुरूंना, आत्रेयांना, थेट विचारतो की आयुष्य आधीच ठरलेलं असतं का. आत्रेय म्हणतात, पूर्वदेहात केलेलं ते दैव, या देहात करतो तो पुरुषकार, आणि बलवान पुरुषकार दुर्बळ दैवाला मागे सारतो. सगळं ठरलेलंच असतं तर औषधाची गरज कुणाला पडली असती, पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून बाजूला व्हायचं कारणच काय, हा त्यांचा युक्तिवाद आहे. चरकाने कर्म नाकारलं नाही. पण कर्माचा आधार घेऊन वैद्याने हात बांधून बसावं, हे त्याला मान्य नव्हतं.

बुद्धाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. संयुत्त निकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक त्याला विचारतो, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही लोक म्हणतात, ते खरं का? बुद्ध उत्तर देतो की काही वेदना पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही ऋतू पालटल्याने, काही बाहेरच्या आघाताने. त्या यादीत कर्म आहे, पण अनेकांतलं एक म्हणून. सगळं पूर्वकर्माच्या माथी मारणारे अनुभवाच्याही पलीकडे जातात, असं तो बजावतो. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेचा वारसा घेऊन विदर्भातून भिलाईकडे आलेल्या कुटुंबांना हा विचार परका नाही. डॉ. आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये गतजन्मीच्या कर्माने आजचं दैन्य समर्थनीय ठरवणाऱ्या विचाराला स्पष्ट नकार दिला आहे. आणि योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप याचं की याच्या आईबापांचं, तेव्हा येशू सांगतो, यांपैकी कुणाचंच नाही.

हे सगळे विचार छत्तीसगडच्या मातीत एका आजाराच्या निमित्ताने एकत्र आले. तो आजार म्हणजे कुष्ठरोग. नॉर्वेच्या हान्सेनने 1873 साली त्याचा जंतू शोधला, तरी भारतात तो पापाचं फळच राहिला. डोळ्याच्या सुजेशी त्याचं नातं फार जवळचं आहे. हा जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतो, आणि डोळ्याचा पुढचा भाग हवेलगत असल्याने तुलनेने थंड. जुन्या रुग्णाच्या आयरिसवर, बाहुलीच्या कडेला, स्लिट लॅम्पखाली कधी कधी खसखशीहून बारीक पांढरे मणी दिसतात. ते जंतूंचे साठे असतात, आणि असे मणी या आजाराची ओळखच मानले जातात. पुष्कळ रुग्णांत सूज मुकाट्याने वाढते. आयरिसच्या नसाच मेलेल्या असल्याने दुखत नाही, बाहुली आकसून टाचणीच्या टोकाएवढी होते आणि औषधानेही मोठी होत नाही.

याहून विलक्षण गोष्ट म्हणजे ‘रिअॅक्शन’. बहुविध औषधोपचार, म्हणजे रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन या तीन गोळ्यांची पद्धत, 1980 च्या दशकात सुरू झाली. ती मोफत मिळते, आणि सहा महिन्यांत किंवा वर्षात जंतू संपतात. पण काही रुग्णांत जंतू मरत असताना त्यांच्या अवशेषांवर शरीर तुटून पडतं. अंगावर दुखऱ्या गाठी येतात, ताप चढतो आणि डोळा लालबुंद होतो. औषध सुरू केलं आणि आजार भडकला, म्हणजे देवाचा कोप, असा निष्कर्ष अडाण्यानेच नव्हे तर शिकलेल्यानेही काढला आहे. खरं तर त्या क्षणी गोळ्या थांबवायच्या नसतात. स्टिरॉइड देऊन सूज आवरायची असते आणि अॅट्रोपिनच्या थेंबांनी बाहुली मोठी करायची असते, म्हणजे आयरिस भिंगाला चिकटत नाही. कर्माचा चुकीचा अर्थ इथे सरळ डोळ्याचा घात करतो.

भिलाईहून रेल्वेने बिलासपूर ओलांडून पुढे गेलं की चांपा लागतं. मिशनरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे कुष्ठरोग्यांची सेवा करत होते. त्याच परिसरातल्या सोंठी गावी 1962 मध्ये सदाशिवराव कात्रे यांनी भारतीय कुष्ठ निवारक संघ उभा केला. कात्रे स्वतः कुष्ठरोगी होते. समाजाने बाहेर काढल्याचा अनुभव त्यांच्या अंगावरचा होता आणि धर्मावरची श्रद्धाही पक्की होती. पाप कुणाचं या प्रश्नाची चर्चा करत बसण्यापेक्षा त्यांनी जखमा धुण्याची, राहण्याची, शेतीची व्यवस्था केली. पुढे अमरावती जिल्ह्यातल्या पथ्रोटचे दामोदर गणेश बापट जशपूरला वनवासी मुलांना शिकवायला आले आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सोंठीला येऊन तिथलेच झाले. जवळपास अर्धशतक ते रुग्णांबरोबर राहिले आणि जेवले. त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. 2019 च्या ऑगस्टमध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देह बिलासपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

कात्रे आणि बापट यांच्या आयुष्याकडे केवळ समाजसेवा म्हणून पाहिलं तर त्यातला धर्मविचार हातातून निसटतो. कर्माच्या सिद्धांताला दोन तोंडं आहेत. एक मागे वळून निवाडा देतं, की भोगतो आहेस म्हणजे केलं असशीलच. दुसरं पुढे पाहतं, की आता जे करशील त्याला फळ आहे. सोंठीत या दोघांनी दुसरं निवडलं. चरकाचा पुरुषकार नेमका हाच. सरकारलाही हे समजायला वेळ लागला. कुष्ठरोग्यांना वेगळं काढणारा 1898 चा कायदा 2016 मध्ये रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांतून निघालं ते बापट गेले त्याच वर्षी, 2019 मध्ये. छत्तीसगड आजही देशात कुष्ठरोगाचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांपैकी एक आहे.

कर्मवादाच्या बाजूनेही एक प्रामाणिक गोष्ट म्हणायला हवी. मागच्या जन्माची कल्पना पुष्कळांना धीर देते. जग निव्वळ लहरी आहे असं मानण्यापेक्षा त्यात हिशेब आहे असं मानणं काहींना सोसवतं. ज्या आजीने आयुष्यभर दुःख या एका आधारावर पेललं, तिच्या हातून तो हिसकावून घेण्याचा अधिकार कुणाला नाही. पण हा आधार स्वतःसाठी घेणं आणि दुसऱ्याच्या दुःखावर निकाल म्हणून लावणं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. स्वतःच्या भोगाला कुणी प्रारब्ध म्हटलं तर ती त्याची साधना असू शकते. शेजारणीच्या भोगाला प्रारब्ध म्हटलं तर तो तिच्यावरचा आरोपच.

युव्हायटिसच्या बाबतीत आणखी एक अडचण उभी राहते. सगळ्या तपासण्या करूनही एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांत कारण सापडतच नाही. डॉक्टर फाइलवर ‘इडिओपॅथिक’ असं लिहितात. विज्ञानाचा ‘का’ इथे थांबतो आणि त्या रिकाम्या जागेत पाप-पुण्य लगेच शिरू पाहतं. म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं की कारण सापडलं नाही म्हणजे उपचार नाही, असं मुळीच नाही. कॉर्टिझोन 1948 मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी प्रथम संधिवातावर वापरलं, आणि दोन वर्षांत त्यांना नोबेल मिळालं. तेव्हापासून स्टिरॉइडने असंख्य डोळे वाचवले. सुरुवातीला दर तासाला थेंब, मग हळूहळू कमी करत नेणं, गरज पडली तर गोळ्या किंवा डोळ्यात इंजेक्शन. स्टिरॉइड दीर्घकाळ चाललं तर मोतीबिंदू आणि काचबिंदू येऊ शकतात, म्हणून आजार लांबला की मेथोट्रेक्सेट, अॅझाथायोप्रिन, मायकोफिनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांकडे वळावं लागतं. मदुराईच्या डॉ. रथिनम आणि त्यांच्या देशविदेशातल्या सहकाऱ्यांचा 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की स्वस्त मेथोट्रेक्सेट महागड्या मायकोफिनोलेटपेक्षा कमी पडत नाही. पगारावर घर चालवणाऱ्या कुटुंबाला याचा अर्थ लगेच कळतो. अॅडालिमुमॅब हे जैविक औषध 2016 पासून अमेरिकेत या आजारासाठी मान्य आहे. ते देण्याआधी टीबी तपासावा लागतो, नाहीतर दबलेला टीबी उसळतो.

नवसाचं काय करायचं? डोंगरगडच्या हजारावर पायऱ्या चढून देवीला डोळा बरा होऊ दे म्हणणाऱ्याला कोणताही समंजस डॉक्टर अडवणार नाही. अडवायचं ते थेंब मध्येच सोडण्याला. सूज आठवडाभरात ओसरते, लाली जाते, नवस फळला असं वाटतं आणि बाटली कपाटात जाते. महिन्याभराने सूज परतते, आणि मग कोप झाला म्हणतात. स्टिरॉइड एकदम बंद केल्याने सूज उसळते, हे रुग्णाला नीट सांगितलं तर अर्धे कोप टळतील. तसंच मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टिरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घालत राहणंही धोक्याचं, कारण डोळ्याचा दाब गुपचूप वाढतो.

आणि सगळे उपचार करूनही ज्यांची नजर जाते, त्यांचं काय? इथे तत्त्वज्ञानाची खरी परीक्षा आहे. विदर्भातल्या गुलाबराव महाराजांची दृष्टी अगदी लहानपणी गेली. 1881 ते 1915 एवढ्या छोट्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथ सांगितले आणि लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटलं. पण प्रत्येक दृष्टिहीनाकडून प्रज्ञाचक्षू होण्याची अपेक्षा करणं हाही एक जुलूमच. बहुतेकांना तेज नको असतं. त्यांना काठी हवी असते, ब्रेल हवी असते, कामावरून न काढणारा साहेब हवा असतो आणि पुढच्या तपासणीला सोबत येणारं कुणीतरी हवं असतं. आजीने आणि काकूंनी एवढं ठरवलं तर पुष्कळ झालं. तारीख लक्षात ठेवायची, थेंबांची वेळ सांभाळायची, आणि रुग्ण घरात असताना मागच्या जन्माचा विषय काढायचा नाही.